टिक मारली की टिक पडली?

प्रश्न (परभणी जिल्ह्यातून) : गावातल्या शेतकरी गटासाठी पायथनमध्ये टीकिंटर (खिडक्या, बटणं बनवायचं साधन) वापरून पीकनोंदीचा फॉर्म बनवायलोय. सगळं मराठीत पाहिजे. चेकबॉक्सला, म्हणजे टिक करायच्या चौकोनाला, काय म्हणू? एकानं ‘तपासपेटी’ सुचवलं, दुसऱ्यानं ‘चौकट’. ‘चेक्ड’, ‘अनचेक्ड’, ‘डिसेबल्ड’ यांना काय लिहू? आणि फॉर्म उघडल्या उघडल्या काही चौकोनांत धड टिकही नसते, धड रिकामंही नसतं. या अवस्थेला मराठीत शब्द आहे का?

‘तपासपेटी’ आधी काढून टाका. इंग्रजीतल्या ‘चेक’चे दोन अर्थ आहेत, तपासणं आणि खूण करणं. इथं दुसरा आहे, पेटीवाल्यानं पहिला उचलला. ‘तपासपेटी तपासा’ अशी सूचना वाचून शेतकरी त्या चौकोनाकडं नीट बघेल आणि पुढच्या ओळीवर जाईल. त्यानं सांगितलं तेच केलं, त्याला बोल लावता येणार नाही.

‘चौकट’ शब्द चांगला आहे, पण तुमच्याच फॉर्ममध्ये तो दुसऱ्या कामाला लागेल. टीकिंटरमध्ये फ्रेम नावाचा वेगळा घटक आहे, आणि चौकट त्यालाच शोभते. रकाना म्हटलं की आपल्याकडं सातबारापासून हजेरीपटापर्यंत काहीतरी लिहायची जागा डोळ्यापुढं येते, म्हणून तोही नको. खरं तर स्क्रीनवर या वस्तूचं नाव घ्यायची वेळच येत नाही. ‘लागू असेल त्या सर्व चौकोनांत टिक करा’ एवढं पुरतं. त्यातला ‘सर्व’ मात्र गाळू नका. सोयाबीन, तूर, मूग, उडीद यांतली हवी तितकी पिकं निवडता येतात ती चेकबॉक्समध्ये. एकच निवडायचं असेल तिथं गोल रेडिओ बटण लागतं, आणि तिथली सूचना ‘पैकी एक निवडा’ अशी. कोड लिहिताना, मित्राशी बोलताना खुशाल चेकबॉक्स म्हणा. टूलकिटवाल्यांचं, म्हणजे खिडक्या-बटणांचे तयार संच बनवणाऱ्यांचं, तरी कुठं एकमत आहे? टीके (टीकिंटरच्या मुळाशी असलेला संच) आणि जीटीके त्याला ‘चेकबटन’ म्हणतात, क्यूटी आणि डब्ल्यूएक्स ‘चेकबॉक्स’.

नामापेक्षा क्रियापदात जास्त मजा आहे. टिक स्त्रीलिंगी : टिक केली, टिक मारली, टिक काढली. ‘अनटिक’ नको, आणि ‘खोडा’ तर अजिबात नको. ‘लागू नसेल ते खोडा’ ही आपल्या कागदी फॉर्मची ठरलेली सूचना आहे. तिथं खोडल्यावर रेघ उरते आणि ती रेघच उत्तर असते. चेकबॉक्समधून टिक काढली की मागं काहीच उरत नाही.

पण ‘टिक मारली’ आणि ‘टिक पडली’ यांतला फरक तर प्रोग्रॅमरनं वहीत लिहून ठेवावा असा आहे. मारणारा कुणीतरी असतो. पडायला कुणी लागत नाही, ती आपसूक पडते किंवा दुसऱ्या कशामुळं पडते. टीकेमध्ये हाच भेद यंत्रात बसवलेला आहे. चेकबटनाला ‘कमांड’ म्हणून जे फंक्शन जोडता, ते वापरणाऱ्यानं क्लिक केल्यावर चालतं, म्हणजे टिक मारल्यावर. चौकोनाचं उत्तर ज्यात साठतं त्या व्हेरिएबलची किंमत तुम्ही कोडमधून बदललीत तर चौकोनात टिक दिसते, पण कमांड चालत नाही. टिक नुसती पडली. कोडमधून टिक लावणारं ‘सिलेक्ट’ आणि काढणारं ‘डिसिलेक्ट’ यांचंही तसंच. कोडमधूनच मारल्यासारखी हवी असेल तर ‘इनव्होक’ आहे. आणि मारली काय, पडली काय, दोन्ही वेळा काम व्हायला हवं असेल तर कमांडच्या नादी न लागता व्हेरिएबलवरच ‘ट्रेस’, म्हणजे किंमत बदलली की जागा होणारा पहारा, लावायचा. क्यूटीत याच दोन गोष्टींना दोन सिग्नल, म्हणजे कोडला मिळणारे इशारे, आहेत. ‘क्लिक्ड’ म्हणजे मारली. ‘टॉगल्ड’ म्हणजे बदलली, कशानं का बदलेना. ‘सर्व पिकं’ असा वरचा चौकोन टिक केल्यावर खालच्या चौकोनांतही टिक पडते, पण हेक्टरची बेरीज बदलत नाही, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. खालच्या टिका कुणी मारलेल्याच नसतात, मग बेरीज करणारं फंक्शन उठणार कसं? आपल्याकडचा माणूस ‘टिक मारायलोय पण पडंना’ म्हणतो तेव्हा तो बिघाडाचं अचूक वर्णन करत असतो. क्लिक पोचतंय, किंमत बदलत नाही. तक्रार याच शब्दांत लिहून घ्या.

चौकोनात दिसणारी खूण कोणती, हेही बघून ठेवा. विंडोज ३.१ मध्ये निवडलेल्या चौकोनात फुली दिसायची, बरोबरची खूण विंडोज ९५ पासून आली. टीकिंटरच्या टीटीके या नव्या धाटणीच्या भागात ‘क्लॅम’ नावाची थीम (दिसण्याचा साचा) आहे, तिच्यात टीके ८.६ पर्यंत निवडलेला चौकोन फुलीसारखाच दिसतो. शाळेत गुरुजींची फुली खाल्लेल्या माणसाला फुली म्हणजे चूक, नाही, नको. ‘ठिबक आहे’ यापुढं फुली दिसली तर तो ठिबक नाही असंच वाचणार. थीम बदला, म्हणजे सूचनेत ‘टिक’ आणि पडद्यावर फुली असा घोळ राहणार नाही.

आता शेजारचा मजकूर. बटणावर आज्ञा शोभते : ‘जतन करा’, ‘छापा’. चेकबॉक्सशेजारी विधान हवं, ज्याला हो किंवा नाही म्हणता येईल असं. ‘ठिबक सिंचन आहे’ चालेल, ‘ठिबक सिंचन निवडा’ नको. नकारही टाळा. ‘मला एसएमएस पाठवू नयेत’ यावर टिक म्हणजे नको, आणि टिक काढली की नको-नको, म्हणजे हवेत. आणखी एक अडचण खास आपल्या भाषेची आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी बसतो. खिडकी अरुंद झाली आणि ओळ कापली गेली, तर नेमका ‘नयेत’ जातो आणि ‘मला एसएमएस पाठवू’ एवढंच उरतं. टीकेच्या जुन्या (टीटीके नसलेल्या) चेकबटनाला ‘रॅपलेंग्थ’ दिली की मजकूर पुढच्या ओळीत उतरतो. क्यूटीच्या चेकबॉक्सचा मजकूर आपणहून उतरत नाही, तिथं वेगळं लेबल शेजारी ठेवावं लागतं.

याहून जपायची जागा म्हणजे ‘ऑनव्हॅल्यू’ आणि ‘ऑफव्हॅल्यू’. टिक असताना आणि नसताना व्हेरिएबलमध्ये काय जावं ते इथं ठरतं. एरवी १ आणि ०, पण शब्दही देता येतात. समजा ‘जमीन बागायती आहे’ या चौकोनाला तुम्ही ऑनव्हॅल्यू ‘बागायती’ आणि ऑफव्हॅल्यू ‘कोरडवाहू’ दिली आणि सुरुवातीची किंमतही कोरडवाहूच ठेवली. कोड देखणा दिसतो. पण ज्यानं त्या ओळीला हातच लावला नाही, त्याचीही जमीन कोरडवाहू म्हणून नोंदली जाईल. मराठीत ‘बागायती आहे असं सांगितलं नाही’ आणि ‘कोरडवाहू आहे असं सांगितलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, रिकाम्या चौकोनाला तो फरक कळत नाही. जिथं नकारालाही स्वतःचं नाव आहे, तिथं चेकबॉक्स सोडा आणि बागायती, कोरडवाहू अशी दोन रेडिओ बटणं द्या.

उलट बाजूनं, आधीच टिक मारून ठेवलेला चौकोनही तसाच फसवा. माहिती वापरायच्या संमतीसाठी तर तो ठेवूच नये. युरोपीय संघाच्या न्यायालयानं १ ऑक्टोबर २०१९ ला प्लॅनेट४९ या कंपनीच्या प्रकरणात अशा आयत्या टिकेला संमती मानायला नकार दिला. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट होकारार्थी कृतीतून यावी असं म्हटलंय. म्हणजे टिक मारलेली हवी, पडलेली नको!

‘डिसेबल्ड’साठी बरेच जण ‘बंद’ लिहितात आणि तिथंच घोटाळा होतो, कारण चालू-बंदमधला बंद हा टिक नसण्याचाही अर्थ आहे. टिक आहे पण बदलता येत नाही, असा चौकोन बंद की चालू? ‘अक्षम’ मला बघवत नाही. अक्षम माणूस असतो, चौकोन नव्हे. कोडच्या टिपणात ‘गोठवलेला’ लिहा, सरळ कळतं. पडद्यावर मात्र अवस्थेचं नाव लिहिण्यापेक्षा कारण लिहा : ‘आधी गट क्रमांक भरा’. करड्या चौकोनावर बोट आपटून ‘क्लिकच होईना’ म्हणणाऱ्याला विशेषण नको असतं, वाट हवी असते.

राहिली ती अर्धवट अवस्था. तिच्यात दोन वेगळे अर्थ कोंबलेले असतात, म्हणून एक शब्द पुरणार नाही. ‘सर्व पिकं’ या वरच्या चौकोनात ती दिसली तर अर्थ ‘काही’, म्हणजे खालच्यांपैकी काहींवर टिक आहे. एकट्या चौकोनात दिसली तर अर्थ ‘अनुत्तरित’. क्यूटीत ही अवस्था आपण मुद्दाम चालू करतो आणि तिला आकडा आहे १ : रिकामा ०, अर्धवट १, टिक २. तुमच्या फॉर्ममध्ये ती न बोलावता आलीय. टीके ८.५ पासून चेकबटनाला ‘ट्रायस्टेटव्हॅल्यू’ आहे आणि तिची ठरलेली किंमत म्हणजे रिकामी अक्षरमाळ. तुम्ही स्ट्रिंगव्हार (अक्षरं साठवणारं व्हेरिएबल) वापरला असणार आणि त्यात सुरुवातीला काही भरलं नसणार. रिकामं व्हेरिएबल त्या तिसऱ्या किंमतीशी जुळतं, म्हणून चौकोन अर्धवट दिसतो. सुरुवातीलाच त्यात ऑफव्हॅल्यू भरा. टीटीकेचं चेकबटन असेल तर कारण थोडं वेगळं असतं : व्हेरिएबल जोडलेलंच नाही, किंवा ते फंक्शनच्या आत तयार झालं आणि फंक्शन संपल्याबरोबर गेलं. ते व्हेरिएबल फॉर्मच्या ऑब्जेक्टवर धरून ठेवा, आणि मग त्या चौकोनाला शब्दच लागणार नाही.