केमो चालू असलेल्या कुत्र्याच्या घरच्यांशी बोलताना

अगं, लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा-गाठींचा कॅन्सर, असं ऐकलं की घरच्यांना डॉक्टरांचं पुढचं काही ऐकूच येत नाही, नुसती मान हलवतात, म्हणून बाहेर आले की बसव, पाणी दे आणि सगळं परत सावकाश सांग. विनक्रिस्टिन या केमोच्या औषधाच्या आधी दर वेळी रक्त का तपासतो, तर पांढऱ्या पेशी कमी असतील तर डोस पुढे ढकलावा लागतो, हे कळलं की उगाच पैसे काढतायत असं वाटत नाही त्यांना. केमोनंतर काही दिवस शी-शू ग्लोव्हज घालूनच उचलायची, घरात कुणी गरोदर असेल तर तिने हातच लावायचा नाही, हे कागदावर लिहून दे. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीने तहान वाढते, घरात शू होते, वैतागून गोळी परस्पर बंद करतात लोक, तसं करू नका हे दोनदा बजाव. ताप वाटला, जेवण सोडलं तर लगेच फोन. आणि "आम्ही उशीर केला का" विचारलं तर घाईघाईने नाही म्हणू नकोस गं, आधी त्यांना बोलू दे.