शेवटच्या दिवशी अडवलेली प्रदक्षिणा

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आपण सहकुटुंब हरिहरेश्वरला गेलात. कार्तिकी एकादशीला दुपारी अडीचच्या सुमारास काळभैरवाच्या देवळामागच्या पायऱ्या उतरून, कातळांच्या कडेने समुद्रालगत जाणारी प्रदक्षिणा केलीत आणि त्रिपुरी पौर्णिमेला, म्हणजे निघण्याच्या दिवशी, सोळा वर्षांच्या मुलाने त्याच वेळी पुन्हा जाण्याचा हट्ट धरला. खाली वाटेवर लाटा फुटत होत्या, आपण त्याला चारचौघांत ओरडून अडवलेत, तेव्हापासून तो आपल्याशी बोलत नाही आणि ‘शेवटचा दिवस तूच नासवलास’ असे यजमान म्हणतात, हे आपल्या पत्राचे सार.

आपण अडवलेत हे योग्यच झाले. त्या वाटेवरून लाटेने माणसे ओढून नेल्याचे प्रसंग घडलेले आहेत. मात्र ‘परवा याच वेळी तर गेलो होतो’ हे मुलाचे म्हणणे त्याच्या परीने सरळ होते, आणि त्याचे उत्तर त्याला अजून कोणीच दिलेले नाही. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून ती ढोबळमानाने काढतात: एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी पूर्ण व्हायला त्यानंतर सहा तास लागतात. म्हणजे एकादशीला अडीच वाजता पाणी तळाला गेले होते, तर पौर्णिमेला, तेही उधाणाचे, ते जेमतेम निम्मे उतरले होते. हे गणित त्याला कागदावर स्वतः मांडू द्या. या वयाच्या मुलांना आईच्या भीतीपेक्षा आकडे लवकर पटतात.

सहलीच्या मधल्या दिवशी तो कदाचित ‘उद्या जाऊ’ म्हणून गप्प बसला असता. निघायच्या दिवशी तशी सोय उरत नाही, आणि एरवी शहाणी असणारी मोठी माणसेही सामान गाडीत भरल्यावर ‘एकदाच’ म्हणत पाण्याकडे वळतात. त्यामुळे त्याच्या हट्टाला उद्धटपणा समजू नका. आपल्या ओरडण्याने मात्र तो अनोळखी लोकांपुढे लहान मूल ठरला, आणि सोळाव्या वर्षी ते फार लागते. त्याबद्दल त्याच्यापाशी स्पष्ट शब्दांत दिलगिरी व्यक्त करा, पण अडवल्याबद्दल करू नका. दोन्ही एकत्र झाले तर नकारच चुकीचा होता असा अर्थ तो काढेल.

यजमानांचे आपण एकाच ओळीत लिहिले आहे, पण मला खरी अडचण तिथेच दिसते. लाटा त्यांनाही दिसत होत्या. त्या वेळी ते काहीच बोलले नाहीत आणि दोष द्यायला गाडीत बोलले. मुलगा घरी नसताना त्यांना विचारा की त्या क्षणी त्यांनी त्याला जाऊ दिले असते का. उत्तर ‘नाही’ असेल, तर तेवढे एक वाक्य त्यांनी स्वतः मुलाला सांगावे. पुढच्या सहलीत निघण्याच्या दिवशी समुद्राचा कुठलाच बेत ठेवू नका, आणि प्रदक्षिणेची वेळ पंचांग बघून मुलालाच ठरवू द्या. तरीही पायऱ्या उतरण्याआधी देवळापाशी स्थानिकांना विचारायचे, एवढी अट मात्र आपली.