सुट्टीतली रडारड नेमकी केव्हा होते?

एप्रिल संपत आला की माझ्यासारख्या समुपदेशकाकडे आई-वडील एकच काळजी घेऊन येतात. "वेकेशनमध्ये मुलांसाठी एवढं करतो, तरी रोजची संध्याकाळ रडण्यातच जाते. आमचं काय चुकतंय?" तीन ते सात वर्षांची मुलं असलेल्या घरांतून तर हे हमखास ऐकू येतं. त्यातल्याच एका बडोदेकर कुटुंबाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

दांडिया बाजारातलं घर. थोरला साडेपाच वर्षांचा, धाकटी तीनची. आई-बाबा दोघंही नोकरीला, दिवसभर घरी आजी. पहिल्याच भेटीत आईने वेळापत्रक पुढे ठेवलं: सकाळी पोहणं, मग क्राफ्टचा समर कॅम्प, संध्याकाळी स्केटिंग, रविवारी बाहेर कुठेतरी. "ताई, यात अजून काय घालू?"

मी काहीच घालायला सांगितलं नाही. एक काम दिलं. आठवडाभर, मूल रडलं की दोनच गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते आणि त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं. रडण्याचं कारण लिहायचं नाही, कारण तिथे आपण आपल्याच मनातलं लिहितो.

पुढच्या भेटीत आईने वही वाचायला घेतली. "पाण्यातून बाहेर काढलं. चित्र अर्धं होतं, रिक्षा आली. वाळूतून उठवलं. कमाटीबागेतून निघालो." ती मध्येच थांबली. "म्हणजे खेळताना थोरला रडलाच नाही?"

"नाही. खेळ संपवताना रडला."

बाबा तोवर गप्प होते. ते म्हणाले, "आणि संपवतो दर वेळी आम्हीच."

या एका वाक्यासाठी मी वाट पाहत होते. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन वेळापत्रक तसंच चालवलं असतं. स्वतःच्या अक्षरातल्या नोंदींपुढे वाद घालता येत नाही. दिवसात तीन कार्यक्रम म्हणजे तीन वेळा मोडलेला डाव, तीन वेळा चपला, पाण्याची बाटली, "चल, उशीर होतोय". एवढ्या लहान मुलाला नवं काही मिळण्यापेक्षा आवडलेलं पुन्हा पुन्हा करण्याची ओढ असते. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर राबल्या आणि पुढे 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी स्वतःचं काम उभं केलं. मुलाने काम स्वतः निवडावं आणि मन भरेपर्यंत करावं, ही त्यांची शिकवण. मी त्याच वाटेची आहे आणि सुट्टीची आखणीही तिथूनच करते.

पोहणं मुलाला मनापासून आवडत होतं, ते ठेवलं. कॅम्प आणि स्केटिंग बंद केलं. खेळ संपवण्याची रीतही बदलली. "पाच मिनिटांत निघायचंय" हे साडेपाच वर्षांच्या मुलाला कळत नाही, "अजून दोनदा घसरगुंडी" हे कळतं. आणि शेवटचं काम त्याच्या हाती द्यायचं: पिशवीत बादली-फावडं मोजून ठेवणं, उरलेलं पाणी झाडाला घालणं.

घरी रोज एक पाण्याचा खेळ. मोठी परात, त्यात चार बोटं पाणी, एक गाळणी, नरसाळं, स्पंज आणि दोन लहानमोठी भांडी. एवढंच, दहा वस्तू दिल्या तर मूल नुसतं उचलून टाकत राहतं. सकाळी नऊच्या आत किंवा सहानंतर, सावलीत. मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवंच, फोनशिवाय. एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून खेळ संपला की परात लगेच उपडी करायची.

आजींना मी कैरीच्या गोड लोणच्याबद्दल विचारलं, "यंदा छुंदा मुलांबरोबर घालाल का?"

"हात घालतील, खराब होईल."

"मग चमचा पुसायचं काम त्यांनाच द्या."

एक किलो राजापुरी कैरीचा कीस, मीठ-हळद, सव्वा किलो साखर. साखर रात्रभरात विरघळू द्यायची, मग भांड्याला मलमलचं कापड बांधून आठ-दहा दिवस ऊन, संध्याकाळी आत. ओला चमचा लागला तर बुरशी येते, पाक पातळ असतानाच भरला तर आंबतो. थोरला रोज सकाळी चमचा कोरडा पुसून ढवळायचा, धाकटी कापडाचं एक टोक घट्ट धरायची. एकतारी पाक झाला की तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड आजी घालायच्या. रोज तेच काम आणि रोज थोडा बदललेला रंग; मुलांना एवढ्या लांब चालणारं काम क्वचितच मिळतं.

रविवारची कमाटीबागही ठेवली, पण सकाळी सातला, उन्हं चढायच्या आत. उशिरा घसरगुंडीचा पत्रा चटका देतो. एका फेरीत एकच गोष्ट: एकदा फक्त झाडं, एकदा फक्त खेळणी. बागेतलं संग्रहालय पाहायचं तर वेगळा दिवस, आणि त्यातला फक्त निळ्या देवमाशाचा सांगाडा. मूल त्याच्यासमोर अर्धा तास उभं राहिलं तर राहू द्यावं. सोबत पाणी, लिंबू सरबत आणि खाऊ न्यावा. पुष्कळसा चिडचिडेपणा भूक-तहानेचाच असतो.

पंधरा दिवसांनी आई म्हणाली, "रडतो अजूनही, पण लवकर निवळतो." माझ्या मते हे पुरेसं आहे. साडेपाच वर्षांचं मूल अजिबात रडणार नाही, असं मी कुणालाच कबूल करत नाही.

कार्यक्रम कमी करून, शेवट मुलाच्या हाती देऊनही दोन-तीन आठवडे फरक पडला नाही, किंवा झोप-जेवण बिघडलं, आवडता खेळही नकोसा झाला, तर सुट्टी संपायची वाट पाहू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मग समुपदेशकाकडे या. येताना तुमच्या नोंदींची वही आणा.