फायनलला आधीचे मार्क टेबलावर आणू नका

तुमच्या बियर स्पर्धेत शेवटच्या राउंडला सहा बियर उरल्या, सिनियर जजनी आधी मत सांगितलं, हेलेस (फिकट, सौम्य जर्मन लागर) बाहेर गेली आणि इंपीरियल स्टाउट (काळी, जड, कडक बियर) जिंकली, हे बरोबर झालं का असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही झालं. मी स्वतः हेच करून बसलोय म्हणून सांगायलोय. मी काही मोठा सर्टिफाइड जज नव्हे, आणि तुमच्या स्पर्धेचे लेखी नियम वेगळे असतील तर आधी ते बघा.

चोर्ला घाट उतरून गोव्यात एका स्पर्धेला गेलो होतो. फायनलला आयोजकांनी आधीच्या राउंडच्या शीटा हातात दिल्या, स्टाउट 41, हेलेस 38. वेळ कमी होता, मीच म्हटलं 38 वाली काढू. आता बघा की, ते 41 एका टेबलाचे, 38 दुसऱ्या टेबलाचे, तिथले जज हात आखडून मार्क देणारे. बीजेसीपीच्या (बियर जजना सर्टिफिकेट देणारी संस्था) 50 मार्कांच्या शीटवर 38 ते 44 ही एकच पायरी आहे, म्हणजे दोन्ही बियर तशा बरोबरीच्याच. फायनलला मार्क नसतातच ओ, बियर समोरासमोर ठेवायच्या आणि कुठली आपापल्या स्टाइलला, म्हणजे बियरच्या प्रकाराला, जास्त धरून आहे एवढंच बघायचं. 5 टक्के अल्कोहोलची हेलेस 10 टक्क्यांच्या स्टाउटपुढं फिकी लागणारच, तो तिचा दोष नव्हे. हेलेसमध्ये चूक लपवायला जागा नसते, म्हणून ती स्वच्छ उतरली तर मला जास्त मोठी वाटते, पण हे माझं मत.

त्याहून वाईट म्हणजे हेलेस सकाळी उघडलेल्या बाटलीतलीच ओतली होती, गॅस गेलेला. फायनलसाठी दुसरी बाटली बंद ठेवायची असते, आयोजकांना विचारलं तर "सगळ्यांना तेच आहे" म्हणाले. सगळ्यांना कसं तेच? गॅस गेला की स्टाउट एकवेळ निभावते, हेलेस मरते. अजून राग येतो.

आता मी बसतो तिथं आधी सगळे गप्प चाखतात, आपापले पहिले तीन नंबर कागदावर लिहितात, मग बोलायचं, सिनियरनी सगळ्यात शेवटी. हलक्यापासून जडाकडं जायचं आणि स्टाउट झाल्यावर पाणी, साधा पाव खाऊन पुन्हा पहिल्या ग्लासाकडं यायचं. स्टाउट थोडी आधी बाहेर काढून ठेवा, फार गार असली की वासच उघडत नाही. आणि बेळगावहून कुंदा नेलात तर निकालानंतरच उघडा, गोड तोंडाला लागर उगाच कडू लागते.

तुमच्या हेलेसची दुसरी बाटली उघडली होती का, ते आयोजकांना विचारून मला कळवा.