काँकॉर्ड बंद झालं, तरी त्याचा कोड यादीत का?

तुम्ही विचारलंय की काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान 2003 सालीच बंद झालं, मग आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या विमानप्रकारांच्या यादीत ‘सीओएनसी’ हा त्याचा कोड अजून कसा? ही यादी कोणी साफ करत नाही का? मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये, म्हणजे उड्डाणांच्या आखणीच्या कामात काढली, हे कोड रोज भरले, म्हणून उत्तर देतो.

शेतावर पंप आला म्हणून शब्दकोशातून ‘मोट’ कोणी काढत नाही. ही यादी त्याच जातीची आहे. तिचं नाव डॉक 8643. त्यात प्रत्येक प्रकाराला जास्तीत जास्त चार अक्षरांचा कोड असतो, जसं 737-800 साठी ‘बी738’. फ्लाइट प्लॅनच्या, म्हणजे उड्डाणाआधी द्यायच्या अर्जाच्या नवव्या रकान्यात तो भरायचा. त्या कोडवरूनच नियंत्रकाच्या यंत्रणेला कळतं की इंजिनं किती, जेट की पंख्याचं, आणि मागे हवेचे भोवरे किती जोरदार सुटणार. 136 टन किंवा त्याहून जास्त वजनाची विमानं ‘हेवी’. काँकॉर्ड 185 टनांपर्यंत जायचं, म्हणजे तेही हेवी. हेवीच्या मागे लहान विमान उतरत असेल तर अंतर जास्त ठेवावं लागतं. आता रिकामा झालेला कोड उद्या एखाद्या छोट्या विमानाला दिला आणि कुठल्या तरी केंद्रात जुनीच फाइल चालू राहिली, तर? उलट्या बाजूने, म्हणजे हेवी विमानाला छोटं समजण्याची चूक झाली, तर ती जिवावर बेतेल. शिवाय जुने अपघात अहवाल आणि उड्डाणांच्या नोंदी त्याच कोडने लिहिलेल्या आहेत. म्हणून जुना कोड तिथेच असू द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि एखादा प्रकार संपला हे ठरवायचं कोणी? डीसी-3 पहिल्यांदा उडालं 1935 मध्ये. आपल्या हवाई दलाचं ‘परशुराम’ हे डकोटा, म्हणजे त्याच घराण्यातलं, दुरुस्त होऊन 2018 मध्ये इंग्लंडहून उडत भारतात आलं. त्याच्यावरचा व्हीपी 905 हा क्रमांक 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डकोटाच्या आठवणीसाठी आहे. कानपूरला बनलेल्या हवाई दलाच्या ॲव्हरो या वाहतूक विमानांचंही तसंच. 2021 मध्ये त्यांच्या जागी 56 सी-295 घेण्याचा करार झाला, तेव्हाही ती सेवेत होती. कोड नसेल तर नवव्या रकान्यात चार वेळा झेड लिहून अठराव्यात विमानाचं नाव द्यावं लागतं. इतक्या मानाच्या विमानांवर ती वेळ का आणायची?

जुनी नोंद खरोखर घातक ठरते ती नोंदणीपुस्तकात, जिथे एकेका विमानाचा मालक आणि पत्ता असतो. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, तरी सातबाऱ्यावर त्यांचंच नाव, तसं तिथे होतं. अमेरिकेत 2010 मध्ये तिथल्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने मान्य केलं की 3,57,000 नोंदींपैकी सुमारे एक तृतीयांश बरोबर नाहीत. मग दर तीन वर्षांनी नूतनीकरण सक्तीचं झालं. आता ती मुदत सात वर्षांची आहे. विमान हरवलं तर शोधपथक आधी मालकालाच फोन करतं, तो पत्ता चुकीचा असून कसं चालेल? ट्रान्सपाँडरचा, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा 24 बिटांचा पत्ताही नोंदणीला जोडलेला असतो. विमान परदेशी विकलं आणि तो बदलला नाही, तर पडद्यावर भलतंच विमान उडताना दिसतं.

उलटंही घडतं. कोलकाता विमानतळावर 2012 पासून उभं असलेलं एअर इंडियाचं एक 737-200 कंपनीच्या स्वतःच्याच हिशेबातून निसटलं होतं. विमानतळाने ‘हे हलवा’ म्हटल्यावर ते आपलंच असल्याचं कळलं, आणि 2025 मध्ये ते रस्त्याने बंगळुरूला गेलं. त्याच्या प्रकाराचा कोड ‘बी732’ मात्र आयकाओच्या यादीत होताच.

तेव्हा एखादं विमान आज उडतंय का हे बघायचं असेल, तर डॉक 8643 बाजूला ठेवा आणि त्या देशाच्या नोंदणीपुस्तकात शोधा.