इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात घरच्या सफरचंदाच्या झाडांचं 'वॅसेल' करायचं तर तयारी काय लागते?

तुमच्या परसात चार झाडं आहेत आणि शेजारी जानेवारीत वॅसेल (म्हणजे चांगलं पीक यावं म्हणून सफरचंदाच्या झाडाचा गाऊन-वाजवून केलेला मान) करू म्हणतायत, तर आधी तारीख. जुनी मंडळी 17 जानेवारी धरतात. इंग्लंडने 1752 मध्ये कॅलेंडर बदलताना 11 दिवस गाळले, ते सायडरवाल्यांनी (सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस) मनावर घेतलंच नाही. त्यामुळे 6 तारखेचा सण 17 ला गेला. कारहॅम्प्टन गावात अजूनही 17 लाच असतो, जमलं तर एकदा बघून या.

चारही झाडांना ओवाळत बसायची गरज नाही. सगळ्यात जुनं झाड निवडा, मान त्याचा. अंधार पडला की त्याच्याभोवती जमायचं, बुंध्याशी पेलाभर सायडर ओतायचं, फांदीच्या बेचक्यात सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट ठेवायचा (तो रॉबिन पक्ष्याचा, म्हणजे झाडाच्या राखणदाराचा), गाणं म्हणायचं आणि मग झाड जागं व्हावं, भुतंखेतं पळावीत म्हणून दणकून आवाज करायचा.

टोस्टमध्ये हमखास गडबड होते. ताजा मऊ पाव भिजला की लगदा होऊन खाली पडतो. आदल्या दिवशीच्या पावाची बोटभर जाड कापं कडक भाजा आणि सायडरमध्ये नुसती बुडवून काढा. लोणी नको, बेदाण्यांचा पाव तर अजिबात नको. खाली पडला आणि कुत्र्याने खाल्ला तर बेदाणे त्याला विषारी. उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी काढून टाका, बुरशी आलेला पाव पक्ष्यांना बाधतो.

आवाजासाठी गावात शॉटगन उडवतात, पण ते परवानाधारकाचं काम. तुम्ही डबे, पातेली आणि पितळी परात घ्या. परातीपुढे इंग्रजांची सॉसपॅन फिकी पडतात.

प्यायला 'लॅम्ब्सवूल'. आठ जणांना 2 लिटर कोरडं सायडर, 6 ब्रॅम्ली (शिजवायच्या आंबट जातीची) सफरचंदं, 150 ग्रॅम साखर, चमचाभर सुंठ, अर्धं जायफळ किसून. सफरचंदांच्या कंबरेभोवती सुरीने चीर द्या, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतात. 180 अंशांवर पाऊण तास भाजा. ब्रॅम्लीचा गर कापसासारखा फुलतो, खायच्या गोड सफरचंदांचा फुलत नाही. हा गर मसालेदार गरम सायडरमध्ये घोटायचा. सायडरला उकळी आणू नका, वाफ दिसली की पुरे. इथलं सायडर म्हणजे दारूच, तेव्हा मुलांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी सफरचंदाच्या रसाचं वेगळं पातेलं ठेवा. आणि झाडाला घालायचं सायडर गार हवं! पातेल्यातलं कढत सायडर मुळांवर ओतणारे उत्साही वीर निघतातच.

पीक वाढेल का? परातीच्या आवाजाने तरी नाही. मे महिन्यात मोहरावर गोठलेलं दव पडलं की सगळं मुसळ केरात. शिवाय बरीच जुनी झाडं एक वर्ष लदबदून धरतात आणि पुढचं वर्ष विश्रांती घेतात, तेव्हा कमी फळांचा दोष वॅसेलला देऊ नका. मात्र जानेवारी हा छाटणीचा महिना आहे. त्याच आठवड्यात, दिवसाउजेडी, वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून घ्या.