दिवसाला किती गावं? एक.

प्रश्न असा होता: जूनच्या शेवटी आरव्ही (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन तीन आठवडे अमेरिकेतल्या कॅन्सस आणि नेब्रास्का राज्यांच्या आडरस्त्यांनी फिरणार आहोत, इंटरस्टेट (मोठे महामार्ग) शक्यतो टाळणार. छोट्या गावांचे फोटो काढायचेत. कोणती लेन्स न्यावी, आणि दिवसाला किती गावं होतील?

लेन्सचं पुढे सांगतो. आधी दुसरा प्रश्न, कारण तो वाचून राहवलं नाही.

एक. फार तर दीड. "किती होतील" या हिशेबाने निघालेला माणूस भोज्याला शिवून परत येतो, आणि तशा फोटोंचा नेटवर आधीच ढीग पडलाय: फळ्या ठोकलेली खिडकी, रिकामा रस्ता, गंजलेला पेट्रोलपंप, खाली 'शेवटच्या घटका मोजणारं गाव'. गाव काही शेवटच्या घटका मोजत नसतं. फोटोवाला रविवारी दुपारी दोनला टपकलेला असतो. त्या वेळी माणसं चर्चहून येऊन, जेवून घरात बसलेली असतात. मंगळवारी सकाळी दहाला त्याच रस्त्यावर पोस्टासमोर पिकअप लागलेले दिसतील, एक माणूस काच खाली करून दुसऱ्याशी अर्धा तास बोलत असेल. जनावरांचा लिलाव असतो त्या दिवशी तर गाडी लावायला जागा मिळत नाही.

हे दुपारी दोनचं खूळ येतं आरव्हीच्या वेळापत्रकातून. कॅम्पग्राउंड सोडायचं अकराला, त्याआधी पाण्याची नळी, विजेची केबल, सांडपाण्याच्या टाक्या. मग दीडशे मैल. गावात पोचेपर्यंत सूर्य डोक्यावर. आणि या भागात तो घड्याळाने बाराला डोक्यावर येतही नाही. कॅन्ससमधलं स्मिथ सेंटर धरा: उन्हाळ्यातलं पुढे सरकवलेलं घड्याळ आणि सेंट्रल टाइम झोनच्या मध्यापासून पश्चिमेला असलेलं ठिकाण, यामुळे जूनमध्ये खरी मध्यान्ह होते दीड-पावणेदोनच्या सुमारास. सूर्यास्त रात्री नऊच्या आसपास. म्हणजे "सहा वाजले, उजेड संपत आला, चला मुक्कामाला" म्हणणारे चांगला उजेड सुरू व्हायच्या आधीच ताट वाढून बसतात.

म्हणून उलटं करा. दिवसाला शंभर-सव्वाशे मैलांच्या वर जायचं नाही. दुपारी तीन-चारला गावात पोचायचं आणि तिथेच राहायचं. या पट्ट्यातल्या कितीतरी छोट्या गावांच्या सिटी पार्कमध्ये किंवा फेअरग्राउंडवर (जत्रेच्या मैदानावर) आरव्हीला रात्रभर थांबता येतं, बऱ्याच ठिकाणी वीजजोडणीसकट. कुठे थोडं शुल्क, कुठे नुसती देणगीपेटी. गाडी लावली की कॅमेरा न घेता एक फेरी मारा. संध्याकाळी साडेसातपासून अंधार पडेपर्यंत काम, पहाटे सहा ते साडेआठ परत काम, दहाच्या सुमारास माणसांचे फोटो, मग निघा.

बिनकॅमेऱ्याच्या फेरीत एकच बघायचं: मुख्य रस्ता कुठल्या दिशेने जातो आणि दुकानांची तोंडं कुठे आहेत. इथली जमीन १७८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या मोजणीप्रमाणे एक-एक मैलाच्या चौकोनांत आखलेली आहे, त्यामुळे रस्ते बहुतेक पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिणच. अपवाद रेल्वेने वसवलेली गावं. तिथे रस्ते रुळांना समांतर आखलेले असतात आणि रूळ तिरके असले की सगळं गाव तिरकं. तेव्हा नकाशा बघा, अंदाजावर जाऊ नका.

उत्तर-दक्षिण रस्ता सोपा. पश्चिमेकडच्या रांगेची तोंडं पूर्वेला, तिला सकाळी ऊन. समोरच्या रांगेला दुपारनंतर. पूर्व-पश्चिम रस्त्यावर मात्र जूनमध्ये लोक हमखास फसतात. तोंड दक्षिणेला म्हणजे चांगलं ऊन, असा समज असतो. ४० अंश अक्षांशावर (कॅन्सस आणि नेब्रास्काची सीमा बरोबर याच रेषेवर आहे) जूनच्या शेवटी दक्षिणाभिमुख भिंतीवर ऊन येतं साधारण पावणेदहाला आणि जातं साडेपाचला. मध्यान्हीला सूर्य ७३ अंशांवर असतो, म्हणजे दुकानाच्या छपरीची सावली थेट काचेवर आणि पाटीवर. ती रांग त्या दिवसांत दुपारी काढूच नये. उलट उत्तराभिमुख दुकानं, जी हिवाळाभर सावलीत असतात, त्यांच्यावर साडेपाचनंतर तिरपं ऊन यायला लागतं. सूर्य पश्चिमेच्या ३० अंश उत्तरेला मावळतो ना. आठ वाजता ते ऊन विटांवरून घासत जातं, एकेक वीट सुटी दिसते, भिंतीवरच्या जुन्या रंगवलेल्या जाहिरातींची अक्षरं वर येतात. अक्षरं फारच पुसट असतील तर पाऊस पडून गेल्यावर, भिंत ओली असताना या. तेव्हा ती जास्त उठून दिसतात.

आता लेन्स. हे आवडीवर सोडू नका, मोजमापावर ठरवा. मेन स्ट्रीट समोरासमोरच्या भिंतींमध्ये ८० ते १०० फूट रुंद असते आणि जुने दुकानांचे प्लॉट बहुधा २५ फुटी. ८० फुटांच्या रस्त्यावर समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिलात, तर फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमी मध्ये ८२ फूट रुंदी येते, म्हणजे तीन दुकानं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि अगदी लेव्हलमध्ये धरला तर वर ३२ फुटांपर्यंत दिसतं. दुमजली इमारत कॉर्निससकट (वरच्या नक्षीदार कडेसकट) जेमतेम बसते. ५० मिमी मध्ये दोनच दुकानं आणि २४ फुटांवर डोकं उडालेलं. मग लोक कॅमेरा वर उचलतात आणि इमारत मागे कलंडते. २४ मिमी मध्ये जवळजवळ पाच दुकानं येतात खरी, पण दुमजली रांग बारीक पट्टीसारखी दिसते आणि अर्धी चौकट डांबर. "गावाला वाइडच लागते" म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, आणि तो मी या डांबरावरच जिंकतो. ३५ लावा, व्ह्यूफाइंडरमधली लेव्हल चालू ठेवा, खालचा रस्ता नंतर कापा. एपीएस-सी (लहान सेन्सरचा कॅमेरा) असेल तर २३.

दुसरी एकच लेन्स हवी, २०० पर्यंत जाणारी झूम, ती ग्रेन एलेव्हेटरसाठी, म्हणजे धान्याच्या उंच कोठारासाठी. अर्ध्या किलोमीटरवरून १२० फुटांचा एलेव्हेटर २०० वर चौकटीच्या उंचीचा सहा दशांश भाग घेतो, आणि पायथ्याची घरं, झाडं, पाण्याची टाकी त्याला चिकटून उभी राहतात. जवळ जाऊन वाइडने काढला तर नुसता सिमेंटचा नळकांडा. मैला-मैलाचे रस्ते इथे कामी येतात: गावाभोवती चारी बाजूंनी फिरून कुठून ऊन बरोबर पडतं ते बघता येतं. पण जूनअखेर म्हणजे गव्हाची कापणी. एलेव्हेटरच्या वाटेवर धान्याच्या ट्रकांची रांग असते, तिथे आरव्ही लावलीत तर शिव्या खाल, आणि त्या योग्यच असतील.

काचांचं. पोलरायझर (काचेवरची चकाकी कमी करणारा फिल्टर) समोरासमोर उभं राहून काहीही करत नाही. तो चालतो काचेच्या लंबापासून ५५ अंशांच्या आसपास तिरपं उभं राहिल्यावर. समोरूनच काढायचं असेल तर दुकानाच्या दोन काचांमधल्या खांबासमोर उभे राहा म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब त्यात लपतं, किंवा आतले दिवे लागेपर्यंत थांबा. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी एफ ८, आयएसओ ४०० आणि अर्ध्या सेकंदाने सुरुवात करा. निऑन पाटी असेल तर एक्स्पोजर पाटीवर धरा आणि दोन स्टॉप अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) आणखी दोन काढून ठेवा. लाल निऑन आधी जळतं, स्क्रीनवर चटकन कळतही नाही. शटर १/६० पेक्षा जलद नको, तिथली वीज ६० हर्ट्झची आहे, एलईडी पाटीवर पट्टे येतात.

एक गोष्ट गुडघे टेकून बघा. जुन्या दुकानांच्या दारालगतचे लोखंडी खांब खाली, फुटपाथला लागून, तपासायचे. रंगाच्या थरांखाली बऱ्याचदा कारखान्याची पट्टी असते: सेंट लुइसचे मेस्कर ब्रदर्स किंवा इव्हान्सव्हिलचे जॉर्ज मेस्कर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अख्खा दर्शनी भाग कॅटलॉगवरून मागवला जायचा आणि रेल्वेने यायचा, खांब ओतीव लोखंडाचे, वरची नक्षी ठोकलेल्या पत्र्याची. लांबून दगडी वाटणारा कॉर्निस पत्र्याचा असतो तो असा. अक्षरं उठून दिसण्यासाठी टॉर्च जमिनीला टेकवून बाजूने मारा, फ्लॅश नको.

निघण्याआधी घरी बसून दोन कामं करा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात गावाचं नाव घालून फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याचे १९३५ ते १९४४ मधले फोटो मिळतात का बघा. तिथेच सॅनबॉर्नचे विम्याचे नकाशे आहेत, एकेक इमारत दाखवणारे. त्यात गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड. आज मोकळी दिसणारी जागा शंभर वर्षांपूर्वी कशाची होती ते कळलं की चौकटीत ती मोकळी जागा का ठेवायची हेही कळतं.

गाडीबद्दल थोडक्यात. मेन स्ट्रीटवर आरव्ही नेऊ नका. पार्किंग तिरकं असतं, २५ फुटी गाडीची शेपटी रस्त्यात येते, निघताना मागचा भाग बाहेर फेकला जाऊन दिव्याचा खांब घासतो, आणि वर ती पांढरी भिंत समोरच्या प्रत्येक काचेत दिसते. एसीसकट उंची चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, रेल्वेखालचे जुने बोगदे आणि झाडांच्या फांद्या विचारत नाहीत. काउंटी रस्त्यांवरच्या पुलांची वजनाची पाटी वाचा: फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही १४,५०० पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वासात अमेरिकन टन भरू शकते, आणि पाच टनांचा पूल पुढ्यात आला तर मागे फिरायला जागा नसते. 'मिनिमम मेंटेनन्स रोड' (नावापुरती देखभाल) पाटीचा रस्ता पावसानंतर चिकणमातीचा सापळा होतो.

खडीच्या रस्त्यावर धूळ मागून आत ओढली जाते. छताचे व्हेंट बंद, ड्रायव्हरच्या केबिनचा पंखा बाहेरची हवा घेणाऱ्या सेटिंगवर, म्हणजे आत दाब राहतो. कॅमेरे मागच्या चाकांच्या पुढे, खालच्या कपाटात ठेवा, मागच्या टोकाला सर्वांत जास्त उसळी बसते. ट्रायपॉडच्या प्लेटचे स्क्रू रोज आवळा. पहाटे एसीतून एकदम दमट हवेत गेलात तर लेन्सवर वाफ धरते आणि नेमका तोच अर्धा तास जातो. रात्री कॅमेरा बाहेरून उघडणाऱ्या, एसी न पोचणाऱ्या कुलूपबंद कप्प्यात ठेवा.

लोक विचारतील, कशाला काढताय? उत्तर तयार ठेवा, एका वाक्याचं आणि खरं. सार्वजनिक फुटपाथवरून इमारतींचे फोटो काढायला परवानगी लागत नाही, पण हा कायदा समोरच्याला ऐकवायला जाऊ नका. शेरीफचा माणूस आला तर नीट बोला, अनोळखी गाडी बघून कुणीतरी फोन केलेला असतो, एवढंच. आधी सिटी ऑफिसात किंवा लायब्ररीत जाऊन दोन शब्द बोललात तर तो फोन होतच नाही. पोस्टात १९३० च्या दशकातलं भित्तिचित्र असलं तर पोस्टमास्तरांना विचारून काढा. शाळा, मुलं, घरांची अंगणं सोडून द्या.

हे आधी सांगायला हवं होतं: भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का ते बघा, बऱ्याच करारांत असते. तशी असेल तर वरचा धुळीचा भाग विसरा आणि यूएस ३६ किंवा नेब्रास्का हायवे २ असे डांबरी रस्ते धरा, तेही पुरून उरतात. रुळांवर उभं राहून फोटो काढायचा नाही, ती रेल्वेची खाजगी जागा आहे आणि गाडी ऐकू येते तेव्हा उशीर झालेला असतो. संध्याकाळी वादळं येतात. ती बहुतेक पूर्वेकडे सरकतात, आणि सरकल्यावर पश्चिमेचं ऊन मोकळं झालं तर मागे काळाकुट्ट ढग आणि पुढे उजळलेली पश्चिमाभिमुख रांग मिळते. मात्र टॉर्नेडो वॉर्निंगचा भोंगा वाजला तर आरव्हीत थांबू नका, पक्क्या इमारतीच्या तळघरात जा. तळघर कुठे आहे ते दुपारच्या बिनकॅमेऱ्याच्या फेरीतच विचारून ठेवा.